पुनर्रोपणाचा दिलासा आणि सावलीचा हिशेब

खानदेशातील शहरांत जुन्या बंगल्यांचे दिवस आता भरत आले आहेत. जळगावच्या रिंग रोडलगतच्या वसाहती काय किंवा धुळ्याचे देवपूर काय, नोकरदार व शिक्षक मंडळींनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी कर्जे काढून, पोटाला चिमटा घेऊन तेथे टुमदार घरे बांधली आणि अंगणाच्या कोपऱ्यात हौसेने एखादा गुलमोहर, बकुळ, बहावा किंवा पांढरा चाफा लावला. ती पिढी आता थकली. मुले पुण्या-मुंबईकडे स्थिरावली. राहते घर पाडून त्या जागी चार मजली इमारत उभी करण्याचे व्यवहार गल्लोगल्ली ठरू लागले आहेत. नकाशा तयार होतो आणि ध्यानात येते की, जेथे वाहनतळ दाखविला आहे नेमके तेथेच झाड उभे आहे.

अशा वेळी घरात जो पेच पडतो, तो केवळ भावनेचा नसतो. ज्या हातांनी ते रोप लावले, ते हात कदाचित आज हयात नसतात. चाळीस उन्हाळे ज्या सावलीत पापड-कुरडया वाळताना राखण झाली, जिच्याखाली लग्नाचे मांडव पडले, ते झाड करवतीखाली घालावयास कोणाचेच मन धजत नाही. मग कोणीतरी तोडगा सुचवितो : "तोडता कशाला? मुळासकट उचलून दुसरीकडे लावा. आता यंत्रे आली आहेत." हे शब्द ऐकताच सर्वांचाच जीव भांड्यात पडतो. मालकाच्या मनावरचे ओझे उतरते, बांधकाम व्यावसायिकाचा नकाशा मोकळा होतो आणि कार्यालयातील कागदालाही पुढे सरकण्यास वाट मिळते. एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी सुखविणारा तोडगा क्वचितच सापडतो. आणि म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे. हा दिलासा खरा किती आणि सोयीचा किती, हा मुख्य प्रश्न आहे.

मुळांचे गणित

वाढलेले झाड जागेवरून हलविण्याची कल्पना नवी नाही. इजिप्तची राणी हातशेपसुत हिने सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी पुंट देशातून सुगंधी डिंकाची जिवंत झाडे टोपल्यांत मुळांसह आणविली होती, आणि त्याची चित्रे तिच्या मंदिराच्या भिंतीवर कोरलेली आजही दिसतात. खानदेशच्या शेतकऱ्याला तर पुनर्लागवड ही रोजचीच बाब. केळीचा मुनवा एका शेतातून काढून दुसऱ्यात लावणे, मिरची-कांद्याची रोपे वाफ्यातून उपटून सरीवर नेणे यात त्याला काही विशेष वाटत नाही. परंतु मुनवा हा स्वतःचा शिधा कंदात घेऊन निघतो, आणि रोपाची सारी मुळे मुठीत मावतात. चाळीस वर्षांच्या झाडाची मुळे कशात मावणार?

सामान्य समज असा की, झाडाची मुळे त्याच्या उंचीइतकीच सरळ खाली गेलेली असतात. तेव्हा खोल खणले की झाले. वस्तुतः पाणी व अन्न शोषून घेणारी बारीक तंतुमुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि आडवी पसरत फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. साहजिकच झाड उचलताना जी मातीची गड्डी बांधली जाते, तिच्यात मुळांचा अगदी थोडा भाग येतो; नव्वद टक्के वा त्याहूनही अधिक मुळे मागेच राहतात. बुंध्याच्या व्यासाच्या दहा ते बारा पट व्यासाची गड्डी असावी, असा उद्यानशास्त्राचा ढोबळ दंडक आहे. त्यानुसार केवळ एक फूट जाडीच्या बुंध्याला दहा फूट रुंदीची गड्डी हवी. ती तीन फूट खोल धरली तरी ओल्या मातीसह तिचे वजन दहा टनांच्या पुढे जाते. बुंधा दोन फूट जाडीचा असेल, आणि जुना गुलमोहर सहज तेवढा असतो, तर गड्डीची रुंदी वीस फूट व वजन चाळीस टनांच्या घरात पोचते. ज्या भूखंडाची रुंदीच तीस-चाळीस फूट आहे, तेथे वीस फुटांचा खड्डा कसा घेणार आणि गावात मिळणारे हायड्रा यंत्र तो बोजा कसा उचलणार?

याचे प्रत्यक्षातील उत्तर सोपे असते : गड्डी लहान करावयाची. चार-पाच फुटांवर मुळे तोडून, फांद्या बुंध्यापर्यंत छाटून, उरलेला सोट दोरखंडाने उचलून नव्या खड्ड्यात उभा केला जातो. काही आठवड्यांत त्यावर कोवळी पालवी फुटते, छायाचित्र निघते आणि झाड 'जगले' असे जाहीर होते. ही पहिली पालवी फसवी असते. खोडात साठवून ठेवलेल्या पिठूळ द्रव्यावर ती फुटलेली असते. मुळे धरल्याची ती खूण नव्हे. साठा संपला आणि मुळे तयार झालेली नसली, म्हणजे पहिल्या वा दुसऱ्या उन्हाळ्यात पालवी करपते. थंड देशांत बुंध्याच्या दर इंच जाडीमागे मुळांचा पसारा पूर्ववत होण्यास सुमारे एक वर्ष लागते, असा अनुभव आहे. उष्ण प्रदेशात वाढ वेगाने होत असल्याने हा काळ कमी होतो, तथापि मोठ्या झाडाच्या बाबतीत तो एखाद्या पावसाळ्याचा नक्कीच नसतो.

सगळी झाडे या कसोटीला सारखीच उतरत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. वड, पिंपळ, उंबर यांच्या खोडाला व फांद्यांनाही मुळे फुटतात. त्यामुळे ती दगावण्याचा संभव कमी. ताडवर्गातील शोभेच्या झाडांची मुळे झुबक्यासारखी असतात आणि त्यांना लहान गड्डीही पुरते. पांढऱ्या चाफ्याची तर गोष्टच वेगळी. त्याची हातभर जाड फांदी कापून, चीक सुकू देऊन लावली तरी झाड तयार होते. मूळ झाड हलविण्याचा खटाटोप करण्याचे कारणच नाही. उलट ज्यांचे सोटमूळ खोल गेलेले असते, असा जुना कडुनिंब किंवा बहावा हलविणे हा मोठा जुगार होय. तेव्हा 'झाड हलविता येते का' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणते झाड, किती वयाचे, कोणत्या मातीतून कोणत्या मातीत, आणि मागाहून पाणी कोण घालणार, असा तो विचारला गेला पाहिजे.

खानदेशची माती, खानदेशचे ऊन

या प्रश्नाचे उत्तर कोकणात एक येईल आणि तापीच्या खोऱ्यात दुसरे येईल. जळगाव परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कोरड्या दिवसांत खणले तर गड्डीची ढेकळे होऊन मुळे उघडी पडतात. भर पावसात खणले तर चिखलात यंत्र रुतते. नव्या जागी घट्ट काळ्या मातीत घेतलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो आणि मुळे कुजतात. धुळ्याच्या बाजूला वरच्या थोड्या मातीखाली मुरूम लागतो. तेथे पाणी ठरत नाही ही उलट अडचण. या दोन जिल्ह्यांचे उन्हाळे तर सर्वश्रुतच आहेत. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा मुरलेली झाडेही माना टाकतात. मग मुळे तुटलेल्या झाडाने काय करावे?

यावर उपाय नाही असे नाही, पण तो वेळ मागतो. हलवावयाच्या झाडाभोवती हिवाळ्यातच चर घेऊन एका बाजूची मुळे धारदार हत्याराने कापावी लागतात. चरात माती व शेणखत भरून त्या मुळांना नवी तंतुमुळे फुटू द्यावी लागतात. काही महिन्यांनी दुसऱ्या बाजूस तसेच करावे लागते. पहिले चांगले पाऊस पडून माती वाफशावर आली की गड्डी गोणपाटात घट्ट बांधून झाड उचलावयाचे, पूर्वीची उत्तर दिशा नव्या जागीही उत्तरेलाच ठेवावयाची आणि पूर्वी होते त्याहून खोल मुळीच पुरावयाचे नाही. त्यानंतर निदान तीन उन्हाळे गड्डीला थेंबथेंब पाणी, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन आणि वळवाच्या वाऱ्यात कलंडू नये म्हणून तिन्ही बाजूंनी आधार. ज्या जळगावने ठिबक सिंचनाचे तंत्र देशभर पोचविले, त्या जळगावात एका झाडाला ठिबकची नळी मिळू नये असे काही नाही. अभाव साधनांचा नसून सबुरीचा आहे. बांधकामाची परवानगी हाती पडताच पंधरा दिवसांत जागा रिकामी हवी असते. झाडाला मात्र निदान सहा-आठ महिन्यांची पूर्वसूचना हवी असते. या दोन कालगणनांचा मेळ बसत नाही, आणि बहुतेक झाडे तेथेच मरतात.

दिल्लीचा अनुभव या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तेथील सरकारने २०२० मध्ये पुनर्रोपणाचे धोरण आखले आणि हलविलेल्या झाडांपैकी ८० टक्के झाडे वर्षअखेर जिवंत असावीत अशी अट घातली. पण २०२२ मध्ये त्याच सरकारने उच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार आधीच्या तीन वर्षांत हलविलेल्या सोळा हजारांहून अधिक झाडांपैकी जेमतेम एक-तृतीयांश झाडे जगली होती. राजधानीत, धोरण व पैसा हाताशी असताना ही गत; मग एखाद्या बंगल्याच्या अंगणातील झाडाची काय कथा?

कायद्याची बाजू

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांसाठी १९७५ चा संरक्षण व जतन अधिनियम आहे. खाजगी अंगणातील झाडालाही तो लागू होतो, ही गोष्ट पुष्कळांच्या गावी नसते. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोचविणे हे या कायद्याच्या दृष्टीने तोडण्यातच मोडते. तेव्हा 'आम्ही तोडत नाही, केवळ हलवितो' असे म्हणून परवानगी टाळता येत नाही. जळगाव व धुळे या दोन्ही शहरांच्या नगरपालिकांच्या २००३ मध्ये महानगरपालिका झाल्या. वृक्ष प्राधिकरणाने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी, असे हा कायदा सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडास 'हेरिटेज वृक्ष' म्हणून विशेष संरक्षण दिले, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावून सात वर्षे जोपासावीत असा दंडक घातला.

हेतू स्तुत्य आहे. परंतु कायद्याने एखाद्या मार्गाची किंमत वाढविली की लोक दुसरा मार्ग शोधतात, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. पंचेचाळीस वर्षांचा गुलमोहर तोडला तर पंचेचाळीस झाडे लावा, असे म्हटल्यावर लहान भूखंडाच्या मालकापुढे तीन वाटा उरतात : झाडाचे वय कमी सांगणे, झाड 'आपोआप' वाळेल अशी तजवीज करणे, किंवा 'पुनर्रोपण करतो' असे लिहून देणे. तिसरी वाट सर्वांत सभ्य, आणि म्हणूनच सर्वांत मोहाची. हलविलेले झाड दोन वर्षांनी वाळले तर ते पाहावयास कोण जातो? कंत्राटदाराला पैसे मिळतात ते झाड उचलल्याच्या दिवशी, जगल्याच्या दिवशी नव्हे. जोवर मोबदला उचलण्याला बांधलेला आहे, तोवर झाडे उचलली जातील. जगतील याची हमी देता येणार नाही.

सावलीची किंमत

झाडाचे मोल पैशांत करण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेले आहेत. कलकत्ता विद्यापीठातील टी. एम. दास यांनी १९७९ मध्ये पन्नास वर्षे जगलेल्या झाडाचे मोल १५ लाख रुपयांहून अधिक काढले होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाच्या वयाच्या दर वर्षामागे ७४,५०० रुपये असा हिशेब मांडला आणि त्यात ४५,००० रुपये एकट्या प्राणवायूचे धरले. हे आकडे जनजागृतीला उपयोगी पडले, यात संदेह नाही. परंतु प्राणवायूची किंमत धरणे हे तर्काला धरून नाही. हवेत तो विपुल आहे. एका गुलमोहराच्या असण्या-नसण्याने कोणाचा श्वास अडत नाही. आणि ज्या वस्तूची टंचाई नाही तिला बाजारात मोल नसते. मग जळगावात मे महिन्यात टंचाई कशाची असते? सावलीची. झाडाचे खरे मोल तेथे शोधावयास हवे.

आणि येथेच पुनर्रोपणाच्या दिलाशातील मोठी उणीव उघड होते. झाड एका मालकाचे असते, पण सावली कुंपण मानीत नाही. अंगणातील गुलमोहर अर्धा रस्त्यावर झुकलेला असतो. त्याच्याखाली भाजीची हातगाडी उभी राहते, रिक्षावाला दुपारचा डबा उघडतो, शाळेतून परतणारी पोरे क्षणभर थांबतात. ते झाड गावाबाहेरच्या मोकळ्या भूखंडावर नेऊन लावले आणि दैवयोगाने जगले, तरी हातगाडीवाल्याची सावली परत येत नाही. मालकाच्या हिशेबात झाड 'वाचले'. गल्लीच्या हिशेबात ते गेलेच. ज्यांचे नुकसान होते त्यांचे नाव कोणत्याही अर्जावर नसते, त्यांची हरकत कोणी मागविलेली नसते. धुळे-जळगाव महामार्गाच्या चौपदरीकरणात दुतर्फाची जुनी झाडे गेल्यावर सावलीचे मोल वाटसरूंना कळले, पण तोवर उशीर झाला होता. आता तोच प्रकार शहरातील गल्ल्यांत, एकेका अंगणाने, कोणाच्या लक्षात येऊ न देता घडत आहे.

सामायिक लाभाची वाटणी कशी करावी, हे खानदेशाला कोणी शिकवावयास नको. पांझरेच्या काठी फड पद्धतीने गावांनी बंधाऱ्याचे पाणी शतकानुशतके नियमाने वाटून घेतले. पाणी सर्वांचे, म्हणून त्याची राखणही सर्वांची, हे तिचे सूत्र होते. शहराची सावली ही पाण्यासारखीच सामायिक संपत्ती आहे. तिची राखण मात्र एकट्या मालकावर टाकून भागणार नाही.

काय करता येईल

या विवेचनाचा अर्थ बांधकामे थांबवावीत असा नाही. शहरांना घरे हवीत, आणि झाड लावल्याचा पश्चात्ताप व्हावा इतका कायदा कडक झाला तर उद्या अंगणात रोप लावावयास कोणी धजणार नाही. उगवलेले रोप झाड होण्याआधीच उपटले जाईल. म्हणून शिक्षेइतकेच उत्तेजनही हवे. पर्यायांचा क्रम मात्र ठरला पाहिजे.

पहिला पर्याय झाड जागेवर ठेवून नकाशा बदलण्याचा. सांगली जिल्ह्यातील भोसे येथे सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. नागरिकांनी आवाज उठविला आणि २०२० मध्ये महामार्गाचा आराखडा बदलण्यात आला. राष्ट्रीय महामार्ग जर एका वडासाठी वळू शकतो, तर वाहनतळाचा उतार चार फूट सरकावयास हरकत कोणती? जो मालक झाड जागेवर राखील, त्याला समासाच्या अंतरात थोडी सवलत किंवा घरपट्टीत सूट महापालिकेने द्यावी. गल्लीच्या सावलीचे ते भाडे समजावे.

दुसरा पर्याय पुनर्रोपणाचा. पण तो हलविण्याजोग्या जातींपुरता व बेताच्या आकाराच्या झाडांपुरता. अर्ज बांधकामाच्या परवानगीबरोबर नव्हे, तर एक हंगाम आधी घ्यावा. नवी जागा शक्यतो त्याच गल्लीत, निदान त्याच प्रभागात असावी. मालकाकडून अनामत रक्कम घ्यावी आणि झाड तिसरा उन्हाळा ओलांडून जिवंत असेल तरच ती परत करावी. कंत्राटदाराचा मोठा हप्ताही त्याच दिवशी चुकता व्हावा. एवढा एक बदल केला तरी लहान गड्डीचे आणि छायाचित्रांचे पुष्कळसे पुनर्रोपण आपोआप थांबेल.

तिसरा पर्याय कबुलीचा. जे झाड वाचणार नाही ते वाचणार नाही, असे स्पष्ट म्हणावे आणि रीतसर परवानगीने ते काढून त्याच रस्त्यावर नवी रोपे लावावीत. लहान रोप मुळे लवकर धरते आणि काही वर्षांत, मोडक्या मुळांनी रखडणाऱ्या मोठ्या झाडाला गाठते, कित्येकदा मागेही टाकते. हलविण्यावर होणाऱ्या खर्चाच्या अंशात अशी दहा रोपे तीन उन्हाळे पाणी घालून वाढविता येतील. मेलेल्या झाडाचा सोट पुरून त्याला पुनर्रोपण म्हणण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक होय.

महापालिकांनी हे करावयाचे तर त्यांच्याकडे वृक्षगणनेची चोख नोंद आणि झाडे ओळखणारा जाणकार माणूस असला पाहिजे. आणि नागरिकांनी, आपल्या दारासमोरची सावली ही कोणाची तरी खाजगी बाब आहे, हा समज सोडला पाहिजे. ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी रोप लावले, त्यांनी नळाला एक दिवसाआड पाणी येत असता घरातले हंडाभर पाणी त्याला घातले होते. त्यांनी त्याचा मोबदला कोणाकडे मागितला नाही, आणि सावली सगळ्या गल्लीने घेतली. त्या उपकाराची फेड एका दिवसाच्या यंत्राच्या भाड्याने होत नाही. झाड उचलावयास यंत्र पुरते. ते जगवावयास तीन उन्हाळे कोणीतरी पाणी घालावे लागते. ते कोण घालणार, याचे उत्तर मिळाल्यावाचून कोणाही अधिकाऱ्याने पुनर्रोपणाच्या अर्जावर सही करू नये.